संशोधन-प्रवेश आणि इंग्रजी प्रावीण्याची अट : एक ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

परदेशातील विद्यापीठात पीएच.डी.साठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला संशोधन-आराखडा, शिफारसपत्रे आणि गुणपत्रके यांच्यासोबत आणखी एक कागद जोडावा लागतो. त्या कागदावर त्याच्या इंग्रजीचे मोजमाप एका आकड्यात दिलेले असते. आयईएलटीएस या चाचणीत हा आकडा शून्य ते नऊ यांच्या दरम्यानचा असतो. ब्रिटनमधील विद्यापीठे संशोधन-प्रवेशासाठी विषयानुसार साधारणतः ६.५ ते ७.५ इतका आकडा मागतात. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या प्रत्येक कौशल्यासाठी बहुधा स्वतंत्र किमान मर्यादाही असते. दोन वर्षांनंतर हा कागद सामान्यतः ग्राह्य धरला जात नाही.

ही अट आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती विद्यापीठांइतकीच जुनी असावी असे वाटते. वस्तुतः तिचे वय शंभर वर्षांच्या आसपास असून तिचे आजचे रूप १९६० नंतरचे आहे. ही अट का आली, ती ठरवताना कोणत्या अडचणी पुढे होत्या आणि तिच्यातील आकड्याला आजचे वजन कसे प्राप्त झाले, याचा अमेरिका आणि ब्रिटन यांच्या संदर्भात मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. महाराष्ट्रातील मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ काय, याचाही अखेरीस विचार केला आहे.

पदवी हाच पुरावा

१९१३ च्या जुलै महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. आज जिला आपण इंग्रजी प्रावीण्याची चाचणी म्हणतो तशी चाचणी त्यांनी दिली नव्हती, कारण परदेशी विद्यार्थ्यांसाठी अशी चाचणी त्या काळी अस्तित्वातच नव्हती. मुंबई विद्यापीठाची बी.ए. ही पदवी हाच त्यांच्या इंग्रजीचा पुरावा होता.

हा पुरावा पुरेसा का होता, हे समजण्यासाठी मुंबई विद्यापीठाच्या रचनेकडे पाहावे लागते. १८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेली ही विद्यापीठे प्रारंभी मुख्यतः परीक्षा घेणारी होती. १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. १८६२ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे पहिले पदवीधर बाहेर पडले. उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजीच राहिले. देशी भाषांना वरच्या परीक्षांत स्थान मिळावे म्हणून रानडे यांना दीर्घकाळ झगडावे लागले आणि एम.ए.च्या परीक्षेत मराठीचा शिरकाव होण्यासाठी विसावे शतक उजाडावे लागले. म्हणजे इंग्रजीचा अडसर त्या काळीही होताच, परंतु तो आपल्याच घराच्या दाराशी होता. जो पदवीधर झाला तो हा अडसर ओलांडून आलेला आहे, असे परदेशी विद्यापीठ गृहीत धरू शकत होते.

दुसरी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्या काळी संशोधनाची भाषा एकच नव्हती. जर्मन विद्यापीठांचा दबदबा मोठा होता. अमेरिकेतील पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला, तो जन्माने अमेरिकी असला तरी, फ्रेंच आणि जर्मन वाचता येते हे बहुधा सिद्ध करावे लागे. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या आणि त्यांनी तेथे डॉक्टरेट मिळवली. परभाषेची अट ही अशा प्रकारे संशोधकमात्रावर होती, केवळ परदेशी व्यक्तीवर नव्हती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी विद्यापीठांनी फ्रेंच-जर्मनची अट क्रमाने सैल केली. त्याच सुमारास परदेशी विद्यार्थ्यांसाठीची इंग्रजीची अट मात्र घट्ट होत गेली.

केंब्रिज विद्यापीठाने १९१३ सालीच परभाषिकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची एक परीक्षा सुरू केली, हे खरे. सुमारे बारा तास चालणाऱ्या त्या परीक्षेत भाषांतर, व्याकरण, ध्वनिशास्त्र, निबंध आणि साहित्य यांचा समावेश होता. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. परंतु ती परीक्षा परदेशांत इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी होती. विद्यापीठ-प्रवेशाशी तिचा संबंध नव्हता.

व्हिसातून जन्मलेली परीक्षा

प्रवेशासाठीची पहिली इंग्रजी चाचणी अमेरिकेत जन्मली. तिच्या मुळाशी शैक्षणिक विचारापेक्षा स्थलांतराचा कायदा होता. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेत येणाऱ्यांची संख्या देशवार कोट्याने मर्यादित केली आणि आशियातील बहुतेकांना वसाहतीसाठी दार बंद केले. विद्यार्थी मात्र या कोट्याबाहेर ठेवण्यात आले. साहजिकच विद्यार्थी म्हणून येणारा मनुष्य खरोखर शिकण्यासाठीच येत आहे ना, अशी शंका अधिकाऱ्यांना वाटू लागली. १९२६ मध्ये स्थलांतर विभागाने शिक्षणसंस्थांना सुचविले की, विद्यार्थ्याला इंग्रजीचे किती ज्ञान आवश्यक आहे हे प्रवेशपत्रातच नमूद करावे.

या निकडीतून अमेरिकेच्या कॉलेज बोर्डाने १९३० मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी क्षमतेची परीक्षा सुरू केली. तिच्यात उताऱ्यांचे आकलन, श्रुतलेखन, तोंडी मुलाखत आणि निबंध असे भाग होते. आजच्या मापानेही ही रचना सर्वांगीण म्हणावी लागेल. परंतु उमेदवार थोडे होते, मंदीचा काळ होता आणि खर्च भरून निघत नव्हता. काही वर्षांतच ही परीक्षा बंद पडली. चाचणी चांगली असणे आणि ती टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या प्रसंगाचा धडा होय.

१९६४ : दोन देश, दोन चाचण्या

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. १९४६ च्या फुलब्राइट योजनेमुळे आणि इतर शिष्यवृत्त्यांमुळे अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्यांचा ओघ वाढला. प्रत्येक विद्यापीठ आपापल्या परीने इंग्रजी तपासत होते. मिशिगन विद्यापीठाने रॉबर्ट लॅडो यांच्या कामाच्या आधारे स्वतःची चाचणी तयार केली होती. तथापि सर्वांना मान्य होईल असे एक माप नव्हते. १९६१ च्या मे महिन्यात वॉशिंग्टन येथे या प्रश्नावर परिषद झाली. तीत मानसशास्त्रज्ञ जॉन कॅरोल यांनी महत्त्वाचा विचार मांडला. व्याकरण आणि शब्दसंग्रह यांचे सुटे सुटे मुद्दे तपासण्यावरच न थांबता, विद्यार्थी भाषेचा एकसंधपणे वापर किती सहजतेने करतो हेही तपासावे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१९६४ साली टोफेल ही चाचणी प्रथम घेण्यात आली. पहिल्या खेपेस हजाराहूनही कमी उमेदवार बसले. ऐकणे, वाक्यरचना, शब्दसंग्रह, वाचन आणि लेखनक्षमता असे तिचे पाच भाग होते. मात्र लेखनक्षमतासुद्धा बहुपर्यायी प्रश्नांतून तपासली जात होती. उमेदवाराला एक परिच्छेदही लिहावा लागत नव्हता आणि एक वाक्यही बोलावे लागत नव्हते. जगभर पसरलेल्या केंद्रांवर एकाच दिवशी परीक्षा घ्यायची आणि निकाल वेळेत लावायचा, तर यंत्राने तपासता येणारे प्रश्नच सोयीचे होते. कॅरोल यांचा विचार आदरपूर्वक ऐकला गेला, परंतु व्यवस्थेच्या सोयीपुढे तो मागे पडला.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न ब्रिटिश कौन्सिलपुढे होता. आशिया आणि आफ्रिकेतून येणाऱ्या शिष्यवृत्तीधारकांचे इंग्रजी त्या त्या देशातील अधिकारी मुलाखत घेऊन आपल्या मताने ठरवीत असत. एका अधिकाऱ्याचे ‘चांगले’ आणि दुसऱ्याचे ‘चांगले’ यांत अंतर पडणे स्वाभाविक होते. भाषावैज्ञानिक ॲलन डेव्हिस यांनी कौन्सिलसाठी तयार केलेली चाचणीमाला १९६४-६५ च्या सुमारास वापरात आली. तिच्यातही वाचन आणि श्रवण यांवर भर होता.

या वर्षांचा आपल्याकडील घडामोडींशी असलेला मेळ विलक्षण आहे. १९६४ मध्येच भारत सरकारने कोठारी आयोग नेमला आणि १९६६ च्या अहवालात आयोगाने विद्यापीठीय स्तरावर प्रादेशिक भाषा हे माध्यम व्हावे अशी शिफारस केली. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानेही प्रादेशिक भाषांच्या विकासाचा पुरस्कार केला. महाराष्ट्रात कला आणि वाणिज्य शाखांत मराठी माध्यम रुजले. महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने पदवी-पातळीची पुस्तके मराठीत काढली. ज्या दशकात आपल्या विद्यापीठांनी घरातील इंग्रजीचा अडसर काढण्यास प्रारंभ केला, त्याच दशकात तो अडसर परदेशी विद्यापीठांच्या दाराशी उभा राहिला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. परंतु पुढील पिढ्यांच्या वाट्याला दोन्हींचे परिणाम एकत्रच आले.

विषयानुरूप इंग्रजीचा प्रयोग

संशोधनाला लागणारे इंग्रजी हे सर्वसाधारण इंग्रजीपेक्षा वेगळे असते का, हा प्रश्न १९७० च्या दशकात ऐरणीवर आला. वैद्यकाचा विद्यार्थी जे वाचतो ते समाजशास्त्राचा विद्यार्थी वाचत नाही. मग दोघांना एकच उतारा देऊन मोजणे न्याय्य कसे? या विचारातून ब्रिटिश कौन्सिल आणि केंब्रिजचे परीक्षामंडळ यांनी १९८० मध्ये नवी चाचणी आणली. तिच्यात वाचन आणि श्रवण हे भाग सर्वांना समान होते. त्यापुढे जीवशास्त्रे, समाजशास्त्रे, भौतिक शास्त्रे, तंत्रविज्ञान, वैद्यक आणि सर्वसाधारण असे सहा पर्याय होते. उमेदवाराने आपल्या विषयाचा संदर्भसाहित्य-संच घेऊन वाचन व लेखन करावयाचे आणि मुलाखतही द्यावयाची होती.

तत्त्वतः हा प्रयोग मोलाचा होता. व्यवहारात मात्र अडचणी निघाल्या. सहा प्रकारच्या प्रश्नपत्रिका सारख्याच कठीण आहेत याची खात्री देणे अवघड होते. उमेदवारांची संख्याही वाढत होती : १९८१ मध्ये ती सुमारे ४,००० होती, १९८५ मध्ये सुमारे १०,००० झाली. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांच्या संस्थेच्या सहभागाने या चाचणीचे आयईएलटीएस असे नवे रूप आले. त्यात विषयसमूहांची संख्या तीनवर आली. १९९५ च्या सुधारणेत विषयवार विभागणी संपुष्टात येऊन सर्व उच्च शिक्षणार्थींसाठी एकच शैक्षणिक प्रश्नसंच ठरला. शिलालेखांवर प्रबंध लिहिणारा आणि धातुशास्त्रात प्रयोग करणारा यांना तेव्हापासून एकाच मापाने मोजले जाऊ लागले.

अमेरिकेत बदलाची दिशा निराळी होती. तेथील संशोधक विद्यार्थी पुष्कळदा पदवीच्या वर्गांना शिकवून आपला खर्च भागवतात. परदेशी अध्यापन-साहाय्यकांचे बोलणे समजत नाही अशा तक्रारी वाढल्या आणि १९८० च्या दशकात व त्यानंतर अनेक राज्यांनी त्यांच्या मौखिक इंग्रजीच्या तपासणीचे नियम केले. टोफेलमध्ये लेखनाची जोड १९८६ मध्ये मिळाली. बोलण्याचा भाग मूळ चाचणीत अनिवार्य झाला तो २००५ च्या इंटरनेट-आधारित रूपात, म्हणजे पहिल्या चाचणीनंतर चार दशकांनी.

आकड्याचा अर्थ

इतक्या परिश्रमाने मिळवलेला हा आकडा संशोधनातील यशाबद्दल काय सांगतो? याचे महत्त्वाचे उत्तर ब्रिटनमधील चाचणीच्या परीक्षकांनीच दिले. क्लाइव्ह क्रायपर आणि ॲलन डेव्हिस यांनी १९८० च्या चाचणीची तपासणी करून १९८८ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. चाचणीतील गुण आणि पुढील शैक्षणिक यश यांतील सहसंबंध सुमारे ०.३ इतका आढळला. संख्याशास्त्राच्या भाषेत याचा अर्थ असा की, विद्यार्थ्यांच्या यशातील तफावतीपैकी साधारण १० टक्के भागाचेच स्पष्टीकरण इंग्रजीच्या गुणांवरून होते. विषयाची तयारी, चिकाटी, मार्गदर्शक, प्रकृती आणि पैसा यांसारखे घटक या आकड्याच्या कक्षेबाहेर राहतात.

याचा अर्थ चाचणी निरर्थक आहे असा नव्हे. ज्याला व्याख्यान समजत नाही किंवा साधा परिच्छेद लिहिता येत नाही, त्याला प्रवेश देणे म्हणजे त्याची फसवणूक करणे होय. चाचणी अशा विद्यार्थ्याला वेळीच सावध करते. परंतु ६.५ आणि ७ यांच्यातील अर्ध्या आकड्यावर एखाद्याचे संशोधन अडवणे या उपयोगात बसत नाही. शिवाय पात्रतेची रेषा चाचणी तयार करणारे आखत नाहीत. ती प्रत्येक विद्यापीठ आखते. त्याच गुणांवर एका विद्यापीठात प्रवेश मिळतो आणि दुसऱ्यात नाकारला जातो. हा निर्णय संस्थेचा आहे, म्हणून त्याचे उत्तरदायित्वही संस्थेचेच ठरते. जी विद्यापीठे सशर्त प्रवेश देऊन सत्रापूर्वी काही आठवडे भाषेचा अभ्यासक्रम घेतात, ती या उत्तरदायित्वाची जाण दाखवतात.

सीमेवरील पहारा

एकविसाव्या शतकात ही अट पुन्हा आपल्या उगमाकडे, म्हणजे व्हिसाकडे वळली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय सामाईक संदर्भ-चौकटीने भाषाक्षमतेच्या सहा पायऱ्या ठरवून दिल्या. ब्रिटनने त्यांतील चौथी पायरी, म्हणजे बी-२, पदवी व त्यावरील अभ्यासक्रमांच्या विद्यार्थी-व्हिसासाठी किमान ठरवली. विद्यापीठांना आपल्या विद्यार्थ्यांची भाषा स्वतः पडताळण्याची मोकळीक राहिली, तरी मान्यताप्राप्त चाचणीला कायदेशीर वजन आले.

या वजनाचे परिणाम २०१४ मध्ये दिसले. व्हिसासाठी चालणाऱ्या टोईक या चाचणीच्या काही केंद्रांवर तोतया उमेदवार बसवले जात असल्याचे बीबीसीने उघड केले. त्यानंतर चाचणी घेणाऱ्या संस्थेने २०११ ते २०१४ या काळात ब्रिटनमध्ये झालेल्या सुमारे ५८ हजार चाचण्या ध्वनिमुद्रणांच्या आधारे तपासल्या आणि त्यांपैकी सुमारे ९७ टक्के संशयास्पद ठरवल्या. हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले. त्यांत भारतीयही होते. पुष्कळांना आपल्यावरील आरोपाचा पुरावा पाहण्यासही मिळाला नाही. २०१९ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने, मोठ्या प्रमाणावर फसवणूक झाली हे मान्य करतानाच, काही निरपराधांवर अन्याय झाला असण्याची शक्यता नोंदवली. हे विद्यार्थी सारेच संशोधक नव्हते. तरीही भाषेचे प्रमाणपत्र सीमेवरील परवान्याचे काम करू लागले की त्यातील चुकीची किंमत किती वाढते, याचे हे उदाहरण आहे.

२०२० च्या महासाथीत परीक्षाकेंद्रे बंद पडली आणि घरून देता येणाऱ्या चाचण्या विद्यापीठांनी काही महिन्यांत स्वीकारल्या. त्यापूर्वी दुर्लक्षित राहिलेली ड्युओलिंगोची स्वस्त चाचणी अनेक विद्यापीठांच्या यादीत आली. टोफेल २०२३ मध्ये दोन तासांच्या आत आणण्यात आली आणि २०२६ च्या जानेवारीपासून तिचे गुणांकन एक ते सहा या श्रेणीत दिले जाऊ लागले. जे माप अढळ वाटत होते, ते गरज पडताच बदलता येते हे यावरून सिद्ध झाले.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्रातील विद्यार्थी या इतिहासाचा केवळ प्रेक्षक नाही. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५० च्या दशकापासून आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून वंचित समाजांतील विद्यार्थ्यांना बाहेर पाठवत आली आहे. परंतु शिष्यवृत्तीचा लाभ घेण्यासाठी आधी प्रवेश हवा आणि प्रवेशासाठी इंग्रजीची अट पुरी व्हावी लागते. मान्यवर चाचणीचे एका वेळचे शुल्क १५ हजार रुपयांहून अधिक असते आणि गुण कमी पडले तर पुन्हा तेवढेच भरावे लागते. ब्रिटनच्या इंग्रजीभाषक देशांच्या यादीत भारत नाही. तरी काही विद्यापीठे इंग्रजी माध्यमाच्या पदवीचे प्रमाणपत्र किंवा बारावीतील इंग्रजीचे गुण स्वीकारतात. ही सवलत ज्याला मिळते तो बहुधा इंग्रजी माध्यमातून आलेला असतो. तालुक्याच्या गावी मराठीतून इतिहास किंवा अर्थशास्त्र शिकून मराठीतच उत्तम प्रबंधिका लिहिणाऱ्याकडे असा कागद नसतो. सवलतीची गरज ज्याला अधिक, त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही.

यावर मराठी माध्यम सोडणे हा उपाय नव्हे. विषयाची पकड ज्या भाषेत बसते त्या भाषेतून शिकलेला विद्यार्थी संशोधक म्हणून कमी ठरतो असे या इतिहासात कोठेही दिसत नाही. उपाय आपल्या हातातील आहे. पदव्युत्तर वर्गांत मराठीतून अध्यापन करतानाच इंग्रजीतील शोधनिबंध वाचणे, त्यांचा सारांश लिहिणे आणि त्यावर बोलणे यांचा नियमित सराव महाविद्यालयांनी करून घेतला पाहिजे. शिष्यवृत्तीच्या योजनांनी चाचणीचे शुल्क आणि पूर्वतयारी यांचा खर्च प्रवेशाआधीच उचलला, तर पात्र विद्यार्थी दारापर्यंत तरी पोहोचतील.

समारोप

वरील मागोव्यावरून असे दिसून येते की, संशोधन-प्रवेशासाठीची इंग्रजीची अट प्रत्येक टप्प्यावर व्यवस्थेच्या गरजेतून घडत गेली. १९२६ मध्ये ती कोट्याच्या कायद्याची गरज होती, १९६४ मध्ये वाढत्या संख्येची, १९९५ मध्ये एकसारख्या गुणांकनाची आणि त्यानंतर सीमेवरील नियंत्रणाची. विद्यार्थ्याला संशोधनासाठी कोणते इंग्रजी लागते हा शैक्षणिक प्रश्न १९३०, १९६१ आणि १९८० मध्ये गांभीर्याने विचारला गेला आणि तिन्ही वेळा तो खर्च व सोय यांपुढे मागे पडला.

म्हणून या आकड्याकडे विद्यार्थ्याने आपल्या बुद्धीचे माप म्हणून पाहू नये आणि शिक्षकांनी त्याला तसे पाहू देऊ नये. ती एक ओलांडता येण्यासारखी पायरी आहे. तिची उंची माणसांनीच ठरवली आहे आणि वेळोवेळी बदललीही आहे. १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचलेल्या त्या मराठी विद्यार्थ्याला ही पायरी चढावी लागली नाही. आज त्याच वाटेने निघालेल्यांना ती चढावी लागते. त्यांच्या पायाखाली आधार देणे हे आपल्या महाविद्यालयांचे आणि विद्यापीठांचे काम आहे.